तळातल्या माशांची झाडं

आईच्या हातात जुनी गाळणी होती आणि गाळणीत मेलेला मासा होता.

"आजपासून मीठ बंद," ती म्हणाली.

मी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. "आई, असं करू नकोस गं."

"मी कुठं काय करतेय? आपल्या घरात जीव गेला. त्याचं प्रायश्चित्त कुणीतरी घ्यायला नको?"

ती मागच्या अंगणात गेली, तुळशीच्या पलीकडं बोटांनी माती उकरली आणि मासा पुरला. परत येऊन हात धुतले. मग काचेच्या टाकीसमोर पाटावर बसली, रोज बसायची तशी.

टाकी माझ्या धाकट्या भावाची, सन्मतीची. तो घरातून निघून गेला त्याला तेव्हा चार महिने होत आले होते.

आम्ही इचलकरंजीचे जैन. वडील गेल्यावर माग विकले. आई आणि सन्मती असे दोघंच घरात राहिले. मी लग्न होऊन जयसिंगपूरला होते, तिथल्याच शाळेत शिकवत होते. नंतर सन्मती पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. त्या खोलीतच त्यानं हे मासे पाळले, आणि खोली सोडून आला तेव्हा टाकीसकट घेऊन आला. आईला पाळलेले जीव आवडायचे नाहीत. बांधून ठेवलेला जीव शाप देतो, असं तिचं म्हणणं. पण त्या दिवशी ती काही बोलली नाही, कारण त्याच दिवशी त्यानं सांगितलं की तो पास झालाय. तहसीलदार म्हणून निवड झालीय.

समोरच्या घरात वर्धमानकाका राहायचे. समाजाच्या सगळ्या कामांत पुढं. त्यांनी दोन दिवसांत सत्काराचं ठरवलं. गल्लीच्या कोपऱ्यावर सन्मतीच्या फोटोचा बॅनर लागला. आईनं ठेवणीतलं इरकल बाहेर काढलं. सत्काराच्या दिवशी सकाळी सन्मती म्हणाला, "सलूनला जाऊन येतो." फोन टेबलावर ठेवून गेला. परत आला नाही.

निवड यादीत त्याचं नाव नव्हतं, हे दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. नंतर मी पुण्याला गेले तेव्हा त्याच्या मित्रांनी सांगितलं की दोन वर्षं तो परीक्षेलाच बसला नव्हता.

पोलिसात तक्रार दिली. मी शाळेतून रजा काढली आणि आईकडं येऊन राहिले. ह्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. पोलिसांनी मला दोनदा नदीकाठी बोलावलं. पहिल्या खेपेला हवालदारानं लांबूनच सांगितलं की माणूस म्हातारा आहे, तुम्ही जाऊ शकता. दुसऱ्या खेपेला चेहऱ्यावरचं कापड मी स्वतः उचललं. तो सन्मती नव्हता. कुणाचा तरी होता. घरी येऊन मी आंघोळ केली आणि आईला सांगितलं की बँकेत गेले होते.

आईनं देवळात जाणं सोडलं होतं. बाहेर पडली की बायका गप्प व्हायच्या, ते तिला सोसायचं नाही. तिचं सगळं लक्ष त्या टाकीकडं लागलं. "त्याचे मासे त्याच्या हातात परत द्यायचे," एवढं एकच ती धरून बसली होती.

आणि मासे मरायला लागले.

पहिला मेला तेव्हा तिनं दूध सोडलं. दुसऱ्याला तूप. तिसऱ्याला साखर. आमच्यात व्रत म्हणून एखादा रस सोडणं नवीन नाही, चातुर्मासात घरोघरी कुणी ना कुणी काही सोडतंच. पण ते देवासमोर, ठरावीक मुदतीसाठी. आई काचेच्या टाकीसमोर सोडत होती आणि त्याला मुदत नव्हती. आता मीठ गेलं. तिच्या ब्लाउजच्या बाह्या दंडावर फडफडायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे असंच चाललं तर मला हात टेकावे लागतील."

"आणि सगळेच मासे गेले की?" मी त्या सकाळी तिला विचारलं.

तिनं टाकीवरची नजर काढली नाही. "मग अन्न आहे की सोडायला."

हे ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते अगदी शांतपणे सांगितलं, उद्या चतुर्दशी आहे असं सांगावं तसं.

मी टाकीत वाकून बघितलं. पाणी पिवळट झालं होतं. सन्मतीनं लावलेली झाडं उन्हाळ्यात पाणी तापलं तेव्हा विरघळल्यासारखी झाली होती. मग कोल्हापूरच्या एका दुकानातून मी नवी आणली होती, लाल लाल पानांची, बघताच कुणालाही आवडतील अशी. वाळूत नीट रोवली होती. आठवड्याच्या आत ती उपटून वर तरंगायला लागली. पुन्हा रोवली, पुन्हा वर. मग पानं कुजली. उरलेले मासे फिल्टरच्या मागं, काच आणि नळी यांच्या फटीत अंग दाबून बसले होते. दोन पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, बोटाएवढ्या सापासारखे, आणि एक छोटा मिशावाला. त्यांना लपायला जागा नव्हती.

कुजकी झाडं मी पिशवीत भरली आणि कोल्हापूरची एसटी धरली.

*

दुकान लक्ष्मीपुरीत होतं. मालक मुजावर नावाचे, पन्नाशीचे. मी पिशवी त्यांच्या काउंटरवर उपडी केली.

"हे तुम्ही मला दिलं. ह्यानं माझे मासे मेले."

माझा आवाज चढला होता. दुकानात एक जोडपं लहान मुलीला घेऊन आलं होतं, ते मागं सरकलं. मुजावरांनी ती घाण फडक्यानं गोळा केली.

"ताई, मासं कुठलं हायत?"

"वाळूत घुसतात ते."

"तळाचं मासं?" त्यांनी कपाळाला हात लावला. "हे तुम्ही तवा सांगितलंच न्हाई. नाजूक मुळांचं झाड वाळूत लावायचं आन् खाली वाळू उकरणारं मासं सोडायचं. मुळं धरायच्या आतच उपटणार ती. शिवाय ह्या लाल झाडाला उजेड लागतो भरपूर. तळाच्या माशाला उजेड नको असतोय."

"मग काय लावायचं ते सांगा. आत्ताच्या आत्ता."

"त्यापेक्षा मासं इथं आणून सोडा. मी सांभाळतो. तुमच्या डोक्याचा ताप जाईल."

"नाही," मी म्हणाले. "ते मेले तर माझी आई मरेल."

हे वाक्य मी तोपर्यंत कुणापुढंच बोलले नव्हते. ह्यांच्यापुढंसुद्धा नाही. ते एका परक्या दुकानात, रंगीत माशांच्या टाक्यांमध्ये तोंडातून गेलं. मुजावरांनी स्टूल पुढं केलं. पोऱ्याला हाक मारून चहा सांगायला लागले.

"चहा नको. मला दिवस मावळायच्या आत घरी पोचायचंय. मी असले तरच ती जेवते, आणि मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाही."

"जैन काय तुम्ही?"

"होय."

"तरीच." ते आतून एक ट्रे घेऊन आले. ट्रेमध्ये दगड होते आणि प्रत्येक दगडाला जाड, गडद हिरव्या पानांचं झाड दोऱ्यानं बांधलेलं होतं. "हे बघा. ह्याला ॲन्युबियस म्हणतात. वाळूत पुरायचंच न्हाई. दगडाला नाहीतर लाकडाला धरून वाढतंय. मासं खालनं कितीबी उकरू देत, ह्याला काय होत न्हाई. पान जाड, त्याच्या सावलीत मासं बसतंय. आमच्याकडं आधी नुसतंच सुटं यायचं. हे बांधून पाठवायचं नवीन पोरानं सुरू केलंय. नर्सरीत आहे एक, गारगोटीच्या पुढं. तुमच्यातलाच हाय तो. पोरं चेष्टा करतात त्याची. कांदा खात न्हाई, बटाटा खात न्हाई, पाणी फडक्यानं गाळून पितो, आन् दिवस मावळला की जेवण बंद."

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"कुठला आहे तो?"

"तसं काय बोलत न्हाई जास्त. तुमच्या बाजूचाच असावा. मागाचा आवाज नसला की झोप लागत न्हाई, असं म्हणाला होता एकदा."

"नाव?"

"शांती म्हणतात त्याला."

नाव वेगळं होतं. आमच्याकडं जैन काय कमी आहेत? माग चालवलेली पोरं काय कमी आहेत? हे सगळं मला कळत होतं. तरी मी उठले. मुजावरांनी पत्ता सांगितला. "झाडं न्या की," ते मागून म्हणाले. मी म्हणाले, "तिथूनच घेते."

स्टँडवरून आईला फोन केला. "मला उशीर होईल. तू जेवून घे."

"तू ये. मग बघू," ती म्हणाली.

म्हणजे ती जेवणार नव्हती. गारगोटीची गाडी समोर लागली होती. इचलकरंजीचीही लागली होती. एका अनोळखी शांतीसाठी मी आईचा एक दिवसाचा घास घालवत होते. तो सन्मती नसला तर पुन्हा कापड उचलल्यासारखंच होणार होतं, फक्त या खेपेला खालचा माणूस जिवंत असणार. मी गारगोटीच्या गाडीत बसले. वाटेत शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, "काय होतंय काय तुम्हाला?" मी नुसतीच मान हलवली.

*

नर्सरी ओढ्याच्या कडेला होती. हिरव्या जाळीखाली सिमेंटच्या उथळ टाक्या, ओळीनं. शेवटच्या टाकीपाशी एकजण पाठमोरा उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली. मांडीवर दगड, हातात दोरा. डावा खांदा जरा खाली पाडून बसायची सवय वडिलांची होती.

"सन्मती."

त्याचे हात थांबले. त्यानं वळून बघितलं नाही.

"अक्का," तो म्हणाला.

वाटभर मी ठरवलं होतं, दिसला की आधी थोबाडीत द्यायची. पाय पुढं गेले नाहीत. मी तिथंच उभी राहून म्हणाले, "आई मीठ खात नाही."

आता त्यानं बघितलं. "म्हणजे?"

"तुझे मासे मरतायत. एक मेला की ती एक रस सोडते. दूध गेलं, तूप गेलं, साखर गेली. आज सकाळी मीठ गेलं. आता अन्नच राहिलंय."

हातातला दगड त्यानं टाकीच्या कठड्यावर ठेवला, तो घसरून पाण्यात पडला.

"मला वाटलं, तिनं माझं नाव टाकलं असेल," तो म्हणाला. "मासे कुणाला तरी देऊन टाकले असतील."

"मला पोलिसांनी दोनदा नदीवर बोलावलं. एकदा मी कापड उचलून बघितलं. तू आहेस का म्हणून. कळतंय तुला?"

त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. ओले हात, त्यांना हिरवं शेवाळ लागलेलं. मी जवळ जाऊन खाली बसले.

"चल घरी. आत्ता. आहेस तसा."

"नाही जमणार."

"कुणी काही बोलणार नाही. मी बघते कोण बोलतंय ते."

"अक्का, घरी यायचं तर त्या कोपऱ्यावरून यावं लागतं."

"बॅनर कधीच काढला. त्याच दिवशी काढला."

"मला दिसतो," तो म्हणाला.

मी पुष्कळ बोलले. ओरडले, शपथा घातल्या, वडिलांचं नाव घेतलं. जाळीखाली काम करणाऱ्या दोन बायका उठून लांब गेल्या. शेवटी मी त्याच्या पायांना हात लावला. त्याच्यापेक्षा मी नऊ वर्षांनी मोठी. लहानपणी त्याला कडेवर घेऊन शाळेत गेलेली. तो विंचू चावल्यासारखा मागं सरकला आणि रडायला लागला, मोठ्यानं, तोंड न झाकता. मला वाटलं, आता येईल. रडणं थांबलं आणि तो म्हणाला, "तिच्यासमोर उभं राहायचं म्हटलं की माझे पाय जातात. मी दोनदा स्टँडवर येऊन परत गेलोय. जबरदस्तीनं नेलंस तर मी इथनंसुद्धा जाईन. मग कुठं शोधशील?"

त्याच्या डोळ्यांत मी बघितलं आणि मला कळलं, तो धमकी देत नव्हता. स्वतःलाच घाबरला होता. चार महिने मी त्याला शोधलं होतं, आणि सापडल्यावर माझ्या हातात काहीच नव्हतं.

तोंड पुसून त्यानं विचारलं, "कुठले मासे राहिलेत?"

"दोन पट्ट्यांचे. एक मिशावाला."

"टाकीत आता काय आहे?"

"नुसती वाळू."

तो उठला. टाक्यांमधून फिरत एकेक झाड हातात घेऊन पानं उलटीपालटी करून बघायला लागला. काही परत ठेवली. पानावर गोगलगायीची अंडी दिसली की हलक्या हातानं काढून ओढ्याच्या कडेच्या डबक्यात सोडायचा. रुंद पानांची तीन झाडं घेतली, दगडाला बांधलेली. मग लाकडाच्या ओंडक्यावर चढवलेलं लांब पानांचं एक. तळहाताएवढी तरंगणारी गोल पानं वेगळ्या पिशवीत भरली.

"आधी निम्मं पाणी बदल. सगळं नको, निम्मंच," तो सांगत होता. "ओंडका मागच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या बाजूला आडवा. दगड त्याच्या पुढ्यात, पण मधे दोन बोटांची फट ठेव. त्यांना फटी लागतात. ह्या झाडांचं जाड मूळ वाळूत दाबायचं नाही, कुजतं. ही तरंगणारी वर सोड म्हणजे उजेड कमी होईल. बाहेर यायला त्यांना दोन दिवस लागतील. आईला म्हणावं, घाई करू नकोस."

"तूच सांग तिला."

"मी भेटलो हे तिला सांगू नकोस. दे वचन."

दिलं. न देऊन काय करणार होते? शेवटची गाडी गाठायला तो फाट्यापर्यंत आला. गाडी दिसली तशी पिशव्या माझ्या हातात देऊन मागं वळला. मी ओल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले. भाऊ आणायला गेले होते आणि झाडं घेऊन चालले होते. डोळ्यांतलं पाणी पुसायला एक हातही मोकळा नव्हता.

*

घरी पोचले तेव्हा दिवस मावळून गेला होता. आई टाकीसमोर पाटावरच होती. ताट झाकून ठेवलेलं तसंच.

"झाडं मिळाली?"

"मिळाली."

मी पदर खोचला आणि कामाला लागले. निम्मं पाणी काढलं. ओंडका मागच्या कोपऱ्यात आडवा ठेवला. दगड मांडले, मधे दोन बोटं ठेवून बघितली. आई बघत होती. मी मुळाला वाळू लागू दिली नाही. तरंगणारी पानं वर सोडली तशी टाकीत सावली पसरली.

"हे असं कुणी शिकवलं?"

"दुकानदारानं."

"त्यानं दगडाला बांधून दिली?"

"होय."

आईनं काचेला डोळे लावले. बराच वेळ ती पानांकडं बघत होती. मग माझ्याकडं वळली. माझे डोळे सुजलेले असणार, साडीला शेवाळाचे डाग होते.

"पानावर एक किडासुद्धा नाही," ती म्हणाली. "आपल्या घरात भाजी निवडतात तसं सगळं वेचून काढलंय."

मी पाण्याची बादली कोपऱ्यात सरकवली.

"दुकानदाराची तब्येत बरी आहे का गं?"

"बरी आहे. बारीक झालाय."

"वेळेवर जेवतो?"

"दिवस मावळायच्या आत."

आईनं पदर तोंडावर घेतला. आवाज आला नाही, पण खांदे हलत होते. मी तिला धरायला पुढं झाले तर तिनं हातानं अडवलं. थोड्या वेळानं पदर खाली घेतला तेव्हा तिचा आवाज नेहमीचा होता.

"तुला काही सांगायची बंदी असेल तर सांगू नकोस. फक्त त्या दुकानदाराला एक निरोप दे. म्हणावं, उद्यापासून मी मीठ खाणार आहे."

दुसऱ्या दिवशी नर्सरीच्या फोनवर मी तो निरोप जसाच्या तसा दिला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मासे?" त्यानं विचारलं.

"आहेत. दिसत नाहीत, पण आहेत."

तिसऱ्या दिवशी सकाळी एक पट्ट्यांचा मासा रुंद पानाच्या खालून निम्मा बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. आईनं मला हाक मारून दाखवला. त्यातला एकही त्यानंतर मेला नाही.

सन्मतीला यायला आणखी दोन महिने लागले. आई रोज माझ्याकरवी दुकानदाराला काही ना काही विचारायची. पान पिवळं पडलंय, काय करू? पाणी कधी बदलू? बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिला ठाऊक असायची. त्यानंही कधी म्हटलं नाही की हे मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं.

तो आला रविवारी, भर दुपारी. मी दारात होते. कोपऱ्यावर पांढरा शर्ट दिसला. तिथं तो थांबला. किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. मग तो चालायला लागला, खाली मान घालून, भिंतीच्या कडेकडेनं.

समोरच्या कट्ट्यावर वर्धमानकाका पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्मा वर केला.

"काय, साहेब आले वाटतं?"

सन्मती जागच्या जागी उभा राहिला. मला दिसलं, त्याचा एक पाय मागं वळला होता.

आई माझ्या मागून बाहेर आली. गेले कित्येक महिने तिनं पुढच्या दाराचा उंबरा ओलांडला नव्हता. ती पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडून पोराच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब कोण? आमचा सन्मती आलाय. पाण्यातली झाडं लावतो तो, गारगोटीला. तुम्हाला हवी असतील तर सांगा."

काकांनी पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. आईनं सन्मतीचं मनगट घट्ट पकडलं आणि त्याला घरात घेऊन आली. "हातपाय धू," ती म्हणाली. "पानं वाढलीयत, जेवून घे आधी."